“पाला काढू ना, ताई?” : मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं, अळूचे देठ आणि दोडक्याच्या शिरा कशा शिजवायच्या

डिसेंबर-जानेवारीत मंडईत मुळ्याची जुडी उचलली की भाजीवाल्या मावशींचा हात आधी पाल्याकडे जातो. डाव्या हातात मुळे, उजव्या हाताने पाल्याला एक पीळ, कट्‌ असा आवाज, आणि मग प्रश्न येतो, “पाला काढू ना, ताई?” तोवर पाला गाड्याखालच्या ढिगात जाऊन पडलेला असतो. त्याच ढिगात फ्लॉवरची रुंद पानं असतात, नवलकोलचे शेंडे असतात, बीटाचे लालबुंद देठ असतात. संध्याकाळी सगळं गोठ्यात जातं. गाईम्हशींच्या तोंडचा घास काढून घ्या असं माझं म्हणणं नाही, पण त्यातलं जे कोवळं आणि ताजं आहे ते आपल्या पिशवीत यायला हरकत नाही. म्हणजे पहिली पायरी स्वयंपाकघरात नाहीच, गाड्यासमोर आहे: जुडीला हात लावतानाच “पाला राहू द्या” म्हणायचं. मावशी ओळखीच्या असतील तर शेजारच्या गिऱ्हाइकाचा पालाही तुमच्याच पिशवीत टाकतात.

यात नवं काही नाही. अळूच्या देठांची ‘देठी’, दोडक्याच्या ‘शिरांची चटणी’, मुळ्याच्या पाल्याची ‘पीठ पेरून भाजी’ ही पदार्थांची रीतसर नावं आहेत. नाव असलेला पदार्थ उरल्यासुरल्याचा नसतो. अडचण होते ती बीट, फ्लॉवर, नवलकोल, केशरी गाजर या मंडळींपाशी. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात ती फारशी नव्हती, त्यामुळे त्यांच्या पाल्याचं काय करायचं हे घरात कुणी शिकवलेलं नसतं. फ्लॉवरच्या पानाला आपल्याकडे ‘फ्लॉवरचं पान’ यापलीकडे शब्दही नाही.

## आधी कूळ ओळखा

मी बरीच वर्षं नेटवरच्या कृती बघून एकेक पाला शिजवत होते. काही जमायचे, काही कडू व्हायचे. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. प्रत्येक अनोळखी पाल्याची एक ओळखीची बहीण असते, आणि तो तिच्यासारखाच शिजवायचा असतो.

मुळा, फ्लॉवर, कोबी, नवलकोल, ब्रोकोली, सलगम ही सगळी मोहरीच्या कुळातली. पाल्याला थोडा उग्र, मोहरीसारखा वास, किंचित कडवटपणा. यांना लसूण, तेल, डाळ किंवा डाळीचं पीठ लागतं. मुळ्याचा पाला करता येत असेल तर या घरातलं काहीही करता येतं.

बीट हे पालक, चाकवत, माठ, राजगिरा यांच्या कुळातलं. पानं मऊ, पटकन शिजणारी, किंचित खारट. यांना ताक, डाळ, चिंच-गूळ मानवतं.

गाजर हे कोथिंबिरीच्या कुळातलं. त्याचा पाला भाजी म्हणून करायला गेलात तर फसाल. तो कोथिंबिरीसारखा, म्हणजे थोडा आणि बारीक चिरून वापरायचा.

दोडका, दुधी, भोपळा, पडवळ हे वेलवर्गीय. यांच्या साली, शिरा, कोवळे शेंडे चालतात, पण एका अटीवर: आधी कच्चा एक तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला तर साल तर नाहीच, आतली फळभाजीही नको. दुधीचा कडूपणा हा चवीचा प्रश्न नाही, त्या कडू द्रव्यानं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. ‘एवढं काय, शिजल्यावर जाईल’ असं म्हणू नका, ते शिजून जात नाही.

आणि बटाटा, टोमॅटो, वांगं या कुळाची पानं खायची नाहीत. बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपाचे शेंडे खुडताना त्यांना कितीही छान वास येत असला तरी त्यांची जागा कंपोस्टच्या टोपलीत. हिरवट पडलेल्या बटाट्याची सालही तिकडेच.

## घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटं

पाला थांबत नाही. मुळा आठवडाभर टिकेल, त्याचा पाला दुसऱ्या दिवशी माना टाकतो आणि तिसऱ्या दिवशी पिवळा पडतो. वर तो लावून ठेवला तर मुळ्यातलं पाणीही ओढून घेतो आणि मुळा जाळीदार होतो. गाजर-बीटाचंही तेच. म्हणून पिशवी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या पाला कापून वेगळा करा, कंदाला बोटभर देठ ठेवा.

त्या दिवशी करायचा नसेल तर धुवू नका. पिवळी, भोकं पडलेली, चिकट झालेली पानं काढा, उरलेला पाला कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवस आरामात राहतो. ओला पाला प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला की दुसऱ्या सकाळी त्याचा शेवाळासारखा लगदा झालेला मिळतो. मी एकदा नाही, तीनदा हे केलेलं आहे.

धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझी फजिती तिथेच झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी हौसेनं मुळ्याचा पाला केला. चाळणीत घेतला, नळाखाली धरला, झालं. जेवताना सासऱ्यांच्या दाताखाली कच्च वाजलं. ते थांबले, काही न बोलता ताकाची वाटी उचलून संपवली आणि पानावरून उठले. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ओट्यावर मोठं पातेलं ठेवून दाखवलं. पातेलंभर पाण्यात पाला बुडवायचा, हातानं दोनचार वेळा खळबळायचा, आणि दोन मिनिटं तसाच सोडायचा. माती तळाशी बसते. मग पाला वरून उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, ओतलं की तळची माती पुन्हा पाल्यावर. पाणी फेकायचं, पातेलं विसळायचं, पुन्हा तेच. तिसऱ्या पाण्याच्या तळाला बोट फिरवून बघायचं, खर लागली नाही तर पाला धुऊन झाला. मुळ्याची माती देठाच्या बुडाशी, जिथे पानं एकत्र येतात तिथे दडून बसते, म्हणून ते बूड आधीच छाटून पानं सुटी करायची.

फ्लॉवरच्या पानांना आणि कोबीच्या बाहेरच्या पानांना मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवते, मागच्या बाजूला बसलेल्या अळ्या आणि मावा सुटून येतो. फवारणीबद्दल स्वतःची फसवणूक मात्र करू नये. पृष्ठभागावरचं औषध चोळून धुतल्यानं बरंचसं जातं, पानाच्या आत शिरलेलं कुठल्याही पाण्यानं जात नाही. त्यामुळे फ्लॉवर-कोबीची सगळ्यात बाहेरची एकदोन पानं मी टाकूनच देते आणि पांढरट डाग किंवा औषधाचा वास असलेला पाला घेतच नाही. मिळाला तर शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारातला, ज्याला काय फवारलं ते विचारता येतं तो घ्यावा. सांडपाण्यावर वाढलेली भाजी कितीही हिरवीगार दिसली तरी नको.

## मुळ्याचा पाला: पीठ पेरून

ही एकच भाजी नीट शिकलात तरी या लेखाचं काम झालं. चार-पाच मध्यम मुळ्यांचा पाला घ्या. बारीक चिरल्यावर न दाबता भरलेल्या साधारण सहा वाट्या होतो. मग लागतं ते असं: पाऊण वाटी डाळीचं पीठ, तीन मोठे चमचे तेल, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या किंवा एक चमचा लाल तिखट, मोहरी, हिंग, हळद, मीठ. पीठ गिरणीतून थोडं रवाळ दळून आणलेलं असेल तर भाजी मोकळी होते. पाकिटातलं अगदी तलम बेसन असेल तर ते कोरडंच पाच मिनिटं मंद भाजून घ्या, नाहीतर गोळे होतात.

१. पाल्यातले जाड, जून देठ काढा. नखानं दाबल्यावर नख आत गेलं तर कोवळा, घसरलं तर जून. कोवळे देठ पाल्याबरोबरच बारीक चिरा. मुळ्याच्या पानांना बारीक लव असते, म्हणून चिरणं बारीकच हवं, मोठे तुकडे घशाला खरखरतात.

२. पाला जून किंवा उग्र असेल तर चिरल्यावर पाऊण चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि हलक्या हातानं पिळा. कोवळा असेल तर ही पायरी गाळा. सासूबाईंना पिळणं अजिबात मान्य नाही. त्या म्हणतात, “पिळून काढलंस तर पानात राहिलं काय?” त्यांचं बरोबर आहे, पण जानेवारी संपताना येणारा पाला न पिळता मुलं खात नाहीत. मधला मार्ग म्हणून मी पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात घालते. त्यात मीठ उतरलेलं असतं, तेवढं पिठात कमी घालायचं.

३. लोखंडी कढईत तेल चांगलं तापवा. मोहरी तडतडली की हिंग, मग ठेचलेला लसूण. लसूण कडेनं तांबूस होईपर्यंत थांबा, घाई करू नका. या भाजीचा अर्धा जीव त्या लसणात आहे. मग मिरची, हळद.

४. पाला घालून मोठ्या आचेवर परता. कढईभर दिसणारा पाला तीन-चार मिनिटांत तळाशी बसतो. तो बसल्यावरच मीठ घाला. आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं, कारण डोळ्यांना दिसतो तो फुगलेला पाला. पिळताना मीठ लावलं असेल तर आता चव घेऊनच.

५. आच मंद करा. एका हातात पीठ, दुसऱ्यात उलथनं. चिमटीनं पेरल्यासारखं पीठ भुरभुरवायचं आणि लगेच हलवायचं, तीन वेळा विभागून. ‘पीठ पेरणे’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. एकदम ओतलं की बाहेरून ओले आणि आतून कोरडे लाडू तयार.

६. पाण्याचा हबका मारा, झाकणावर पाणी ठेवून सात-आठ मिनिटं वाफ काढा. मध्ये एकदा तळापासून उलटा. कच्च्या पिठाचा वास गेला आणि भाजी कढईच्या कडेला चिकटायची थांबली की झालं. शेवटी कडेनं चमचाभर तेल सोडून दोन मिनिटं झाकण न ठेवता परता. तळाला जी खरपूस खरवड येते ती कुणाला वाढायची हे घरातलं राजकारण, त्यात मी पडत नाही.

ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा, बाकी काही लागत नाही. पीठ नको असेल त्या दिवशी तासभर भिजवलेली मूठभर हरभऱ्याची डाळ पाल्याबरोबर शिजवा, किंवा पाल्यातच मुळ्याच्या चकत्या घालून मूगडाळीची भाजी करा. मुळा शेतात राहिला तर फुलून शेंगा धरतात, त्या डिंगऱ्या. त्यांचं कौतुक करायला वेगळा लेख लागेल.

## फ्लॉवरचा पाला आणि दांडे

हा सगळ्यात जास्त फेकला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पात्रतेचा आहे. पोषणाच्या तक्त्यांत बघितलंत तर पांढऱ्या गड्ड्यापेक्षा पानांत कॅल्शियम कितीतरी पट जास्त सापडेल. पण मी तो करते ते चवीसाठी. परतला की कोबीच्या गोडीकडे झुकतो.

पानांची तीन भागांत वाटणी करायची. गड्ड्याला बिलगलेली फिकट, छोटी पानं अख्खीच चिरायची. मोठ्या पानांची हिरवी पाती मधल्या जाड पांढऱ्या शिरेपासून ओढून काढायची. पान दुमडून शीर एका हातानं वर खेचली की सुटते, सुरीही लागत नाही. आणि ती पांढरी शीर, तिचे दोरे सोलून, तिरप्या पातळ चकत्या करायच्या. तिघांना शिजायला वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून हा खटाटोप. एकत्र टाकलंत तर पानांचा गिचका होतो आणि शिरा कच्च्या राहतात.

अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, दोन सुक्या लाल मिरच्या, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, हळद. आधी शिरांच्या चकत्या, झाकण ठेवून पाच मिनिटं. मग उपसलेली डाळ आणि पाव वाटी पाणी, पुन्हा पाच-सहा मिनिटं. डाळ बोटानं चेपली जाते पण मोडत नाही अशी झाली की चिरलेली पानं. ती तीन-चार मिनिटांत होतात. मीठ, गुळाचा खडा, ओलं खोबरं. गोडा मसाला घालायचा मोह आवरा, पानाची चव मरते.

गड्ड्याच्या मध्ये जो जाड दांडा असतो त्याची जाड साल काढली की आतला गाभा कुरकुरीत आणि गोडसर निघतो. चिरता चिरता निम्मा संपतो. उरलेल्याचे बोराएवढे तुकडे, वर लिंबाचा रस, मीठ, हळद, थोडी लाल मिरची पूड, आणि एक चमचा मोहरीची पूड पाण्यात फेसून नाकात झिणझिण्या येईपर्यंत. हे लोणचं फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं, दुसऱ्या दिवशी उत्तम लागतं. ब्रोकोलीच्या आणि कोबीच्या दांड्याचंही असंच.

नवलकोलचा पाला याच रीतीनं करा, फक्त डाळीऐवजी खोबरं जास्त. काश्मिरात नवलकोल पाल्यासकटच शिजवतात, पाला वेगळा काढून टाकायचा हा विचार तिकडे कुणाला पटणार नाही.

## बीट आणि गाजर, थोडक्यात

बीटाची पानं पालकासारखी आणि देठ माठाच्या देठांसारखे. देठ आधी परता, पानं शेवटी. ताकातली पातळ भाजी छान होते, रंग मात्र गुलाबी होतो आणि पाहुणे विचारतात. आमच्याकडे बहुतेक वेळा पानं थालीपिठातच जातात. पालक, अळू, बीट या पानांत ऑक्सलेट जास्त असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती रोज खाऊ नयेत, मोहरीच्या कुळातला पाला त्या मानानं बरा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हिरव्या पाल्याचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, पानांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचा काही गोळ्यांवर परिणाम होतो.

गाजराच्या पाल्याची मी एकदा भाजी केली. दोन घासांपलीकडे कुणी गेलं नाही, मीही नाही. आता फक्त कोवळी टोकं घेते, काड्या नाही, आणि दाण्याच्या कुटाबरोबर चटणीत घालते: एक भाग गाजराचा पाला, तीन भाग कोथिंबीर, मिरची, लिंबू, साखर. हे प्रमाण उलटं केलं तर कडू होते.

## अळूची देठी

फतफत्यासाठी किंवा वड्यांसाठी अळू आणला की देठांची जुडी तशीच उरते. फतफत्यात देठ पडतात, पण वड्या केल्या की सगळे देठ कचऱ्यात जातात. तेच वापरायचे. आठ-दहा देठ पुरे.

हातांना तेल लावा, हे विसरू नका. अळूत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच त्वचेला आणि घशाला टोचतात. खाज म्हणतात ती हीच. देठाच्या टोकाशी सुरी अडकवून सालीचा दोरा खाली ओढा, केळं सोलल्यासारखा निघतो. सोललेल्या देठाचे पेरभर तुकडे, थोडं पाणी, आणि लिंबाएवढी नाही, बोराएवढी चिंच. चिंच घातल्याशिवाय अळू शिजवायचा नाही हा दंडक. कुकरला दोन-तीन शिट्ट्या करा. पातेल्यात करत असाल तर देठ दाबल्यावर पूर्ण पिठूळ होईपर्यंत, पंधरा मिनिटं तरी. अर्धकच्चा देठ कितीही चिंच घातली तरी घसा धरतो.

पाणी निथळून देठ रवीनं किंवा हातानं जाडसर मोडा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग एक वाटी गोडसर दही, मीठ, चिमूटभर साखर, दोन चमचे दाण्याचा कूट. वरून तुपाची फोडणी: जिरं, हिंग, हिरवी मिरची. गरम देठांत दही घातलंत तर फुटतं, म्हणून गार होण्यावर भर. थंडगार देठी आणि गरम वरणभात. बटाट्याचं भरीत आवडणाऱ्याला सांगू नका कशाची आहे, आधी खाऊ द्या.

लाल माठाच्या जाड देठांचं वेगळं. ते सोलून, बोटाएवढे तुकडे करून ओल्या खोबऱ्याच्या रश्श्यात शिजवायचे आणि शेवग्याच्या शेंगेसारखे चोखून खायचे. ऋषिपंचमीच्या भाजीत ते असतातच, आणि त्या दिवशी ताटाशेजारी चोथ्याचा ढीग पडतो तो त्यांचाच.

## शिरा, साली, शेंगांची टरफलं

दोडक्याच्या शिरांची चटणी हा खरं तर दोडका आणण्याचा मुख्य हेतू असायला हवा. अर्धा किलो दोडक्यांच्या शिरा वाटीभर निघतात. पुन्हा सांगते, आधी चव घ्या. दोन चमचे तेलात शिरा मंद आचेवर दहा मिनिटं परता, रंग हिरव्याचा तपकिरी व्हायला हवा आणि उलथन्याला खुळखुळ लागायला हव्यात. इथे कंटाळलात तर चटणी दोऱ्या-दोऱ्यांची होते. त्याच कढईत दोन चमचे तीळ, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं, चार लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या भाजा. मीठ आणि चिंचेचं बुटुक घालून खलबत्त्यात कुटा, किंवा मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. बारीक पीठ नको, भरड हवी. कोरडी झाली तर फ्रीजमध्ये चार दिवस कुरकुरीत राहते. दुधीच्या सालीची चटणी अशीच, फक्त साल बारीक चिरून घ्यायची.

मटारच्या टरफलांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर काम चिकाटीचं आहे. टरफलाच्या आतल्या बाजूला कागदासारखा पापुद्रा असतो, तो काढावा लागतो. टोक आतल्या बाजूला मोडायचं आणि पापुद्रा धरून हलकेच खाली ओढायचा. सोलल्यावर उरतो तो मऊ हिरवा पदर, बटाट्याबरोबर परतला तर गोड लागतो. पण वाटीभर होण्यासाठी वीस मिनिटं जातात. टीव्हीसमोर तीन माणसं बसली असतील तर करा. नाहीतर टरफलं कुकरमध्ये शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून सूप करा. चोथा फेकला तरी चव हाती येते.

कोथिंबिरीच्या काड्या फेकणाऱ्यांशी मात्र मला वाद घालावासा वाटतो. वास पानांपेक्षा काड्यांत जास्त. आडव्या बारीक चिरून वाटणात, आमटीच्या फोडणीत, मिसळीच्या रश्श्यात. मुळं घासून धुऊन ठेचली तर रश्श्याला जी खोली येते ती पानांनी येत नाही. पुदिन्याच्या काड्या मात्र लाकडासारख्या, त्या टाका. मेथीच्या कोवळ्या काड्या झुणक्यात घाला, जून झालेल्या कडूच.

शहरात एक पाला फुकट मिळतो तो शेवग्याचा. पावसाळ्याआधी सोसायटीच्या आवारातल्या फांद्या छाटतात तेव्हा माळीकाकांना सांगून ठेवा. मालवणकडे गोकुळाष्टमीला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर याच पाल्याची भाजी असते. एकेक पान खुडत बसू नका. डहाळ्या रात्रभर चादरीत गुंडाळून ठेवा, सकाळी झटकल्या की निम्म्याहून जास्त पानं आपोआप सुटून पडतात. उरलेली काडी बोटांच्या चिमटीत धरून उलटी ओढायची. कांदा, लाल मिरची, पाण्याचा हबका, भरपूर ओलं खोबरं. बारीक काड्या राहिल्या तर जेवताना टोचतात, तेवढं निवडताना बघा.

## शुक्रवारचं गरगट

आठवड्याच्या शेवटी फडक्यात मूठमूठ काय काय उरतं: थोडा मुळ्याचा पाला, बीटाची चार पानं, कोबीचं एक जाड पान, कोथिंबिरीच्या काड्या. सगळं चिरून, मूठभर तूरडाळ, दोन चमचे शेंगदाणे आणि एक टोमॅटो घालून कुकरमध्ये शिजवते. रवीनं हटते, चमचाभर डाळीचं पीठ लावते आणि वरून सुक्या मिरचीची, लसणाची झणझणीत फोडणी. पाल्यांचं प्रमाण कुठलंही चालतं, फक्त गाजराचा पाला त्यात नको आणि मुळा निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर बाकीच्यांचं काही चालत नाही.

एवढं करूनही जून देठ, पिवळी पानं, अळूच्या साली उरतातच. त्या कंपोस्टच्या टोपलीत घालताना हातानं फाडून, कोरड्या पाल्याबरोबर थर लावून घाला. फ्लॉवर-कोबीचं पान अख्खं टाकलं की त्याचा ओला गठ्ठा होतो, चार दिवसांत कुजका वास सुटतो, आणि शेजारच्या काकू बेल वाजवतात.